रोज सकाळी, आपोआप

"बसा, बर्निस," डग हॅल्वरसन म्हणाला आणि तिच्याऐवजी कॉम्प्युटरकडे बघत राहिला.

अमेरिकेतल्या डुलूथमधली, घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्यांच्या दुरुस्तीची ही कंपनी त्याच्या वडिलांची. कुठल्या घरी दुरुस्तीची कोणती गाडी धाडायची, हे बर्निस त्यांच्या काळापासून ठरवायची. दोन वर्षांपूर्वी डगने त्यासाठी ऑनलाइन सॉफ्टवेअर भाड्याने घेतलं. भाडं दर माणशी. तेव्हापासून रोज सकाळी सगळ्या गाड्यांची कामं बिनचूक लागलेली असायची. 'आपोआप होतंय,' असं तो सगळ्यांना कौतुकाने सांगायचा.

आता करार नवा करायचा होता. सॉफ्टवेअरवाल्या बाईने यादी पाठवली होती, कोण किती वेळा लॉग-इन करून आत शिरलं त्याची. सगळ्यात वर डगचं नाव. "मालकच जास्त राबतो म्हणायचं," ती फोनवर हसली होती. डग मोबाइलवर नुसता डोकावायचा, पण ऐकून त्याला बरं वाटलं होतं.

सगळ्यात खाली बर्निस. शून्य.

खर्च वाढला होता, नोकरीवरून एक माणूस कमी करणं भागच होतं. पण बर्निसच्या नवऱ्याचं, हॅरॉल्डचं डायलिसिस तिच्या नोकरीच्या विम्यावर चालायचं. लहानपणी शाळा सुटली की डग याच टेबलाशी तिच्या हातच्या रूबार्बच्या आंबटगोड वड्या खायचा. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

"दोन वर्षांत तुम्ही एकदाही आत शिरला नाहीत," तो म्हणाला.

"माझ्या नावानं? नाही."

"शिकून तरी घ्यायचं होतं. वहीतच खरडत राहिलात."

"मनगट कसंय रे? थंडीत दुखतं अजून?"

सॉफ्टवेअर आलं त्याच हिवाळ्यात तो बर्फावर घसरला होता. उजवा हात दोन महिने प्लास्टरमध्ये होता. बर्निस विषय टाळतेय, असं त्याला वाटलं.

"महिनाअखेरपर्यंत विमा राहील," तो कसाबसा म्हणाला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती आपली वही उचलली.

कोट चढवून ती दारातून परत आली. वहीतून एक पिवळा कागद काढून तिने टेबलावर ठेवला.

"हे तुझं. उद्या सकाळी सहाला अठरा गाड्यांची कामं लावायचीत. आता तूच लाव."

कागदावर डाव्या हाताने काढलेली वेडीवाकडी अक्षरं होती, डगचीच. त्याचं नाव, त्याचा पासवर्ड, आणि खाली एक ओळ: 'हात बरा होईपर्यंत रोज माझ्या नावानं शिरा.'