सहा सेंटिमीटर

आठव्या बोल्टचं डोकं टक्कन तुटलं आणि गियान्तोने ते खिशात टाकलं. हे बोल्ट पुरेसे आवळले की त्यांचं डोकं गळून पडतं. मागे गुळगुळीत गोळा उरतो, त्याला कुठलाच पान्हा लागत नाही. चोरांना काढता येऊ नये म्हणून केलेली सोय.

“हलतंय का बघ,” गल्लीप्रमुख पाक हार्दिमान म्हणाले. इकडे मोठ्या पुरुषांना मानाने ‘पाक’ म्हणतात, बायकांना ‘बू’.

गियान्तो टपावरच्या नव्या कॅरिअरला लोंबकळला. अख्खी गाडी डुलली, कॅरिअर जागचं हललं नाही.

“गाडी आधी मरेल, पाक. हे नंतर.”

“शाब्बास. सासूबाईंसाठी वॉशिंग मशीन न्यायचंय. आज संध्याकाळी निघून सकाळी गावी, केबुमेनला. टपावर असलं म्हणजे गावात शिरताना दिसतं सगळ्यांना.”

गियान्तोलाही घाई होती. परवा ईद. ईदच्या सकाळी सगळी गल्ली एकमेकांचे हात हातात घेऊन वर्षभराचं सगळं माफ करते, आणि माफ करायचं तर मनापासून करायचं, असं बाबांनी त्याला लहानपणापासून शिकवलं होतं. तेव्हा सूड त्याआधी उरकायला हवा होता. उद्या त्याचं गॅरेज बंद. म्हणजे आजच.

गल्लीच्या तोंडाशी पाक हार्दिमान यांनी लोखंडी कमान उभारली होती. ट्रक आत येऊ नयेत म्हणून आडवा पाइप एकशेऐंशी सेंटिमीटरवर वेल्डिंग केलेला. चार महिन्यांपूर्वी बाबांचं अर्धं अंग गेलं, त्या दुपारी अँब्युलन्स तिथेच अडली. पाक हार्दिमान टेप घेऊन आले. आधी अँब्युलन्स मोजली, मग पाइप मोजला, आणि म्हणाले, “नियम सगळ्यांना सारखा.” बाबांना बाक्सो विकणाऱ्याच्या हातगाडीवर, मटणगोळ्यांच्या सूपच्या पातेल्याशेजारी आडवं करून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावं लागलं. वाटेत दोन पोरं वाट्या घेऊन आली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग बाबांच्या लुळ्या हाताकडे.

पाक हार्दिमान यांची गाडी एकशेसत्तर. कॅरिअर सोळा. गियान्तोने तीनदा मोजलं होतं. पाक हार्दिमान जगातलं सगळं मोजत, पण स्वतःची गाडी कोण मोजतं?

ते ऐटीत निघाले. गियान्तो हात धूत होता तेवढ्यात ठण्ण झालं. त्याने साबण पुन्हा लावला.

तो कमानीपाशी पोचला तेव्हा वॉशिंग मशीन कमानीबाहेर टपावर चढवायचं म्हणून आधीच तिथे नेऊन ठेवलेलं होतं आणि पाक हार्दिमान यांची बायको त्यावर बसली होती. गाडी आत होती.

“कॅरिअर काढ,” पाक हार्दिमान म्हणाले.

“निघत नाही. चोरांना काढता येऊ नये म्हणालात ना.”

“मग पाइप काप!”

“आत्ता कापतो. फक्त दोन तृतीयांश गल्लीच्या सह्या आणा. पाइपाचा ठराव तुमचाच आहे, पाक. आणि अर्धी गल्ली गावाला गेलीय.”

“अरे, मी प्रमुख आहे!”

“नियम सगळ्यांना सारखा,” शेजारच्या बू सुमी म्हणाल्या.

हे वाक्य गियान्तोने चार महिने जपून ठेवलं होतं. ते असं परस्पर खर्च झाल्याचं त्याला जरा वाईट वाटलं.

मग चाकांतली हवा सोडली. अडीच सेंटिमीटर मिळाले. कुणीतरी म्हणालं, माणसं भरा, गाडी दबेल. मागे सात जण कोंबले, त्यात बू सुमीही. आणखी तीन मिळाले. अर्धा उरला.

“रोजे नसते तर निघाली असती,” बू सुमी आतून म्हणाल्या. “सगळे वाळलेत हो.”

पुढची सीट बायकोची म्हणून रिकामी होती. पाक हार्दिमान यांनी गियान्तोकडे पाहिलं.

“बस ना रे. दोन मिनिटं.”

“माझं काय वजन, पाक. चिंतांनी वाळलोय नुसता.”

तेव्हा भिंतीलगतच्या खुर्चीवरून बाबांनी डावा हात वर केला. रोज संध्याकाळी रोजा सुटायची वाट बघत ते तिथेच बसायचे. त्यांनी स्वतःकडे बोट दाखवलं, मग पुढच्या सीटकडे.

“बाबा, नको,” गियान्तो म्हणाला.

बाबांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. म्हातारा ईद दोन दिवस आधीच साजरी करतोय, असं वाटून गियान्तोचा जीव जळला. पण वडिलांना नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. त्याने त्यांना उचललं आणि सीटवर ठेवलं.

गाडी अर्ध्या सेंटिमीटरने खाली बसली. पाक हार्दिमान यांनी इंच इंच पुढे घेतली. खवणीवर नारळ फिरावा तसा आवाज करत कॅरिअर पाइपाखालून सरकलं आणि गाडी बाहेर आली. टाळ्या पडल्या. मागचे सात जण घाम पुसत उतरले. बायको मशीनवरून उठली, पर्स काखेला मारून पुढच्या दाराशी येऊन उभी राहिली.

पाक हार्दिमान यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते.

“उपकार झाले तुमचे. या आता, सावकाश उतरा.”

बाबांनी हात सोडवून घेतला. डाव्या हाताने सीटबेल्ट ओढला, खाच सापडेपर्यंत चाचपडले, आणि खटकन लावला. मग समोरच्या काचेतून मोठ्या रस्त्याकडे बघत ते बोलले. तोंड वाकडं होतं, पण शब्द सगळ्यांना कळले.

“हॉस्पिटल,” ते म्हणाले. “लवकर घ्या.”