नऊ नंबरचं घोडं

"आत्या, अजून येळ गेली न्हाई. मागं फिरू," मच्छिंद्र म्हणाला.

राहीबाई फिरली नाही. रांगेत तिच्यापुढं दोनच माणसं उरली होती आणि त्यांच्यापुढं खिडकी. खिडकीत चेतन बसला होता. तोच तो, मिरजगावचा, तिच्या नातीला सांगून आलेला. फोटोतल्यापेक्षा जरा काळा, पण नाक सरळ. तो कॉम्प्युटरची बटणं दाबायचा, यंत्रातून तिकीट निघायचं आणि माणूस ते मुठीत धरून टीव्हीकडं पळायचा. घोडी धावत होती मुंबईला. पैसे लागत होते पुण्याच्या या रेसकोर्सवर.

"जनावर मुंबईत अन् गिऱ्हाईक पुन्यात," राहीबाई म्हणाली. "दात कुनी बघायचे?"

"दात न्हाई बघत, आत्या. नंबर बघत्यात. अन् समदं सरकारमान्य हाय. परवाना हाय, सरकारला कर जातो. पोराला पगार हाय, फंड हाय, दिवाळीला बोनस हाय."

"दारूच्या दुकानालाबी परवाना असतो. म्हनून पोरगी दुकानात नांदवायची व्हय?"

भाचा झाला तरी आत्याच्या तोंडाला तोंड देणं मच्छिंद्रला जमलेलं नव्हतं. त्यांच्या गावात, सुप्यात, ते कुणालाच जमलेलं नव्हतं.

गावात बोलणं एकच होतं. दिवसभर लोकांचा जुगार हाताळणारा माणूस स्वतः लावल्याबिगर राहतो का? आज पगार लावील, उद्या बायकोचं डोरलं. अश्विनीनं मात्र आजीच्या तोंडावर सांगितलं होतं, करीन तर त्याच्याशीच. पोरगी आजीवरच गेलेली, त्याला कोण काय करणार. पण घरात शेवटचा शब्द राहीबाईचा. म्हणून ती स्वतः बघायला आली होती, न कळवता. चेतननं या दोघांना कधी पाहिलं नव्हतं.

अट तिनं सकाळी एसटीतच सांगून टाकली होती. "म्हातारीच्या हातातली नोट त्यानं घेतली, की लगीन मोडलं."

"आत्या, नोट घ्यायलाच बसवलाय त्येला. घेनारच की."

"मंग मोडलंच समज."

पुढचा माणूस बाजूला झाला.

"बोला आजी. कितवा नंबर?"

राहीबाईनं शंभराची नोट दाखवली. "मला काय कळतंय, लेकरा. नऊ नंबरचं घोडं येईल का?"

"ते आम्हाला सांगता येत नाही. तुम्ही नंबर बोला, मी तिकीट देतो."

चेतनच्या पाठीमागं कोटातला साहेब हात मागं बांधून उभा होता. राहीबाईनं नोट धरलेला हात खिडकीतून आत सरकवला आणि वरून पदर ओढून घेतला. काष्टीच्या बैलबाजारात भाव असाच ठरतो. रुमालाखाली बोटं धरायची, तोंडानं बोलायचं नाही. त्या बाजारात रुमालाखाली हात घालणारी बाई एकटी राहीबाईच, आणि भले भले दलाल तिला टरकून असत. दलालाला जनावर खोटं वाटलं, तर तो गिऱ्हाइकाची बोटं मिटवून मूठ करतो. म्हणजे घेऊ नका, घरी जा. शेजारच्याला कळत नाही आणि जनावराचा धनीही दुखावत नाही. चेतनचा बाप कारभारी जन्मभर त्याच बाजारात बैलांची दलाली करत आला होता.

चेतनची बोटं पदराखाली आली. नोटेला लागली आणि थांबली. मग त्यानं तिचं एकेक बोट नोटेवर मिटवलं आणि मूठ वरून हलकेच दाबली.

"आजी, नंबर बोला, नाहीतर मागच्याला येऊ द्या," तो मोठ्यानं म्हणाला. साहेबानं नुसतं पाहिलं आणि तो पुढच्या खिडकीकडं गेला.

राहीबाई रांगेतून बाहेर आली. मच्छिंद्रनं तिच्या हाताकडं पाहिलं.

"नोट घेतली न्हाई?"

"न्हाई. बोटं मिटवली माझी, बापासारखी."

"मंग झालं की, आत्या. अट तुमचीच हुती."

"एवढ्यानं काय हुतंय. म्हातारीची दया आली आसंल. दया जुगाऱ्यालाबी येती."

मच्छिंद्रनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात टीव्हीपाशी गलका झाला. माणसं खुर्च्यांवर चढली. घोडी वळणावर आली, सरळ रस्त्याला लागली, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेलं एक तांबडं घोडं कडेनं सगळ्यांना मागं टाकत गेलं. गलका एकदम बसला. लोक हातातली तिकिटं फाडून टाकू लागले.

"नऊ नंबर," मच्छिंद्र म्हणाला. तो खालीच बसला. "आत्या, नऊ नंबर आलं. कुनीच लावलं नव्हतं त्येच्यावर. तुमी लावलं असतं तर आज दावनीला शेळ्या बांधल्या असत्या. अन् तो शहाना तुमची मूठ मिटवतो."

राहीबाईनं खिडकीकडं पाहिलं. चेतन पुढच्या शर्यतीची तिकिटं देत होता. त्याची नजर कॉम्प्युटरवर होती. कोणतं घोडं आलं हे त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं.

सकाळपासून पहिल्यांदा ती हसली, तीही पदर तोंडाला लावून.

"इतकी वरसं तिथं बसलाय, मच्छ्या," ती म्हणाली, "अन् घोड्यातलं ओ की ठो कळत न्हाई त्येला. ऊठ, कारभाऱ्याला फोन लाव. सुपारी फोडायला या म्हनावं."