खुर्चीचा सराव

मुलगी डॉक्टरांच्या खोलीत खुर्चीत बसली होती. दोन्ही हात मांड्यांखाली, नजर भिंतीवर. पापणीसुद्धा परवानगी काढून लवत होती. अकरा मिनिटं झाली होती.

आईला घाम फुटला. स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून चार दिवस तिनेच हा सराव करून घेतला होता. आजीने बजावलं होतं, "डॉक्टरांसमोर तरी शोभा नको." शोभा झाली नाही, हीच आता पंचाईत होती. कारण शाळेने कळवलं होतं: मुलीला खोड नाही, त्रास आहे, असं डॉक्टरांकडून लिहून आणा, नाहीतर दुसरी शाळा बघा.

डॉक्टरांनी शाळेने भरून पाठवलेला तक्ता वर धरला. "तासाला सतरा वेळा उठते, ती हीच ना?"

"हीच हो! घरी हिला बघून पंख्याला चक्कर येते." आई लेकीकडे वळली. "ऊठ गं. जरा पळून दाखव काकांना."

"मी नाही," ओठ न हलवता लेक म्हणाली. "हललीस तर बघ, म्हणालीस."

आईने डोळे मिटले. पोरीने आयुष्यात पहिल्यांदा तिचं ऐकलं होतं, आणि मुहूर्त हा!

"बरं, मगाशी मी गोष्ट सांगितली," डॉक्टर म्हणाले. "अस्वलाचं काय हरवलं होतं?"

"कुठलं अस्वल?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "उतर खाली. गोष्ट परत सांगतो. तू हवं ते कर."

मुलगी सुटली. वजनकाट्यावर चढली, उतरली, पुन्हा चढली. फिरत्या स्टुलावर सात गिरक्या घेतल्या. मग टेबलाखाली शिरून तिने डॉक्टरांच्या बुटाची नाडी सोडली. तेवढ्यात गोष्ट संपली.

"काय हरवलं?"

"छत्री," टेबलाखालून उत्तर आलं. "पण हरवली नव्हतीच. त्याच्याच पाठीला अडकली होती. खारीला माहीत होतं, पण तिला कुणी विचारलंच नाही."

डॉक्टर हसले. "कान-डोळे तपासून झालेत. तुम्ही घरचा भरून दिलेला तक्ताही शाळेच्या तक्त्याशी जुळतोय. खोड नाही ही, बाई. हिच्या लक्षाची तऱ्हाच वेगळी आहे, आणि त्यावर उपाय आहेत. पत्र आजच देतो."

आईने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद उडाला.

डॉक्टर खाली वाकले. "मग मगाशी का नाही गं ऐकलंस?"

मुलीने डोकं बाहेर काढलं. एवढ्या शिकलेल्या माणसाला हेही सांगावं लागतं!

"मगाशी मी बसत होते ना!"