चपलेची वेणी

शाळेत फोटोंचं जाडजूड पुस्तक आलं होतं. तालमी, गुऱ्हाळं, रंकाळा, सगळं कोल्हापूरच की त्यात! नव्या शाळेतली एकुलती एक मैत्रीण सरोजिनी, तिला खेटून बसून शेवंता पानं बघत होती.

चपलेसाठी कातड्याची वेणी विणणाऱ्या बाईच्या फोटोवर सरोजिनी थबकली. त्या हातांवरून बोट फिरवत म्हणाली, "अगं, काय हात आहे बाईचा! अंबाबाईची वेणी गुंफावी तशी विणतेय की!"

शेवंताचा ऊर भरून आला. इतके दिवस ओठांत दाबून धरलेलं सुटलंच.

"माझी आई हाय ती!"

सरोजिनीनं बोट झटकन उचललं, परकराला खसाखसा पुसलं आणि जरा सरकून बसली.

"आता पानं तूच उलट," ती म्हणाली.