तरीही जगलेले जिवाणू

शाल्मलीने शेवटची प्लेट प्रयोगशाळेच्या खिडकीशी उजेडात धरली. जिवाणू मजेत वाढले होते.

खरं तर ते मरायला हवे होते. अंगात साखर फार झाली की हे जिवाणू एक इवलासा आरएनए बनवतात आणि तो साखर आत येण्याची वाट बंद करून त्यांना वाचवतो, हा तिचे मार्गदर्शक धोंगडे सर यांचा नावाजलेला शोध. त्यावरच पाच वर्षं शाल्मलीची पीएचडी चालली होती. तिने तो आरएनएच काढून टाकला होता, तरी जिवाणूंचं काही बिघडलं नव्हतं.

ती प्लेट घेऊन सरांच्या खोलीत गेली. "सर, तिसऱ्यांदाही जगलेत."

सरांनी प्लेटकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझेही जगले होते," ते हळूच म्हणाले. "पेपर छापून आल्यावर कळलं."

"मग मला हा विषय का दिलात?"

"वाटलं, तुझ्या हातून तरी मरतील."

शाल्मलीने प्लेट त्यांच्या टेबलावर ठेवली. प्रबंध द्यायला चार महिने उरले होते आणि सरांचा शोध खोटा आहे, याखेरीज त्यात लिहिण्यासारखं खरं असं तिच्याजवळ काहीच नव्हतं.