गोरक्षचे एकतीस गुण

तिसऱ्यांदा एकतीस आले तेव्हा सुवर्णाने पेन टेबलावर टाकून दिलं.

एकवीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. जितके जास्त, तितकं मन खचलेलं. नाशिकच्या व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक असलेली सुवर्णा प्रत्येकाकडून हा कागद भरून घेई. डॉक्टरांचं म्हणणं, नुसतं गर्दचं व्यसन सुटून भागत नाही. मन खचलेलंच राहिलं तर माणूस महिन्याभरात परत येतो. अठराच्या वर गुण असले की घरी सोडायचं नाही, हा त्यांचा नियम.

गोरक्षला येऊन चाळीस दिवस झाले होते. मखमलाबादच्या फुलमळ्यातला तिशीचा गडी, कीर्तनात मृदंग वाजवायचा. स्वतः कागद भरायला बसला की नुसती थट्टा.

"मरावंसं वाटतं का?"

"इथली आमटी खाल्ली की वाटतं, ताई."

शेवटी डॉक्टर म्हणाले, याच्या घरच्यांना विचारा.

घरचं माणूस म्हणजे आई, सगुणाबाई. घरी दोघंच. दर गुरुवारी फुलबाजारात झेंडू विकून, रिकामी पाटी घेऊन त्या यायच्या. लेकाचा डबा पोचवायच्या आणि सुवर्णासमोर बसायच्या. एकेका प्रश्नावर थांबून, आठवून उत्तर द्यायच्या.

"गोरक्षला झोप लागते?"

"पहाटं तीनला जाग येती. मंग आढ्याकडं बघत पडायचं, कोंबडा आरवंस्तोवर."

"पूर्वी आवडायचं त्यात मन लागतं?"

"कीर्तनात लय लागायचं. आता देवळातले टाळ ऐकू आले तरी खिडकी लावून घ्यावी वाटती."

सुवर्णा इथे दर वेळी अडखळायची. कीर्तनातली कथा रंगात आली की डोळे भरून येणारी ती. टाळ नकोसे होणं म्हणजे काय, हे तिला कागदाशिवाय कळत होतं.

"जीव द्यावासा वाटतो?"

"विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसावं वाटतं. खाली पाणी बघितलं की थंड वाटतं."

पण वॉर्डातला सफाईवाला पुंजा भलतंच सांगायचा. "गोरक्ष? नऊला आडवा होतो नि घोरतो. शेजारचे उशी फेकून मारतात. सांजच्याला रेडिओवर अभंग लागला की बादली उपडी घालून बडवतो. माझ्या तीन बादल्या चेपवल्या त्यानं."

"नाटक करतोय," सुवर्णा म्हणाली. "आईपाशी खरं बोलतो आणि आपल्याला हसून दाखवतो."

तिने गोरक्षला बोलावून चांगलंच फैलावर घेतलं होतं. "मला का फसवतोस?"

"मी बरा हाय, ताई. रविवारी सप्ताह बसतोय, महाराजांनी मृदंगाला मलाच सांगितलंय. सोडा आता. आई एकटी पडली घरी."

"तुझी आईच सांगते, तू बरा नाहीस म्हणून."

"आई असं म्हणली?" एवढंच विचारून गोरक्ष निघून गेला.

आता समोर तिसरा कागद होता, आणि तेच एकतीस.

"मावशी, गोरक्षला रविवारी सोडता यायचं नाही."

सगुणाबाईंनी रिकाम्या डब्याचं फडकं सोडलं, परत बांधलं. "सप्ताह बसतोय की."

"माहितीय मला. पण तुमच्या मळ्यात विहीर आहे. अशा माणसाला तिथे कसं पाठवू?"

"मंग कवा सोडणार?"

"गुण उतरले की."

"तो घरी आला की उतरत्याल."

"उलटं असतं ते. आधी गुण, मग घर." सुवर्णाचा आवाज चढला. "तीन गुरुवार तुम्हीच हे सांगताय. मी तर नुसती लिहून घेते. माझ्या हातात काय आहे?"

"तो विहिरीकडं जायचा नाय, ताई."

"आत्ताच तर म्हणालात तुम्ही."

सगुणाबाईंनी कागद स्वतःकडे ओढला. वाचता येत नव्हतं, पण लेकाचं नाव कुठल्या ओळीत लिहितात ते तीन गुरुवारांत त्यांना ठाऊक झालं होतं. झेंडूने पिवळं पडलेलं बोट त्यांनी बरोबर तिथे टेकवलं.

"एवढं नाव बदला. बाकी समदं खरं हाय."