पानाचा कोपरा

“पान उलटण्याचंही पेटंट असतं?” शर्वाणीने विचारलं.

“उलटण्याचं नाही हो मॅडम, उलटताना जे दिसतं त्याचं,” कंपनीचे वकील म्हणाले. “कोपरा वळतो, मागची अक्षरं पुसट दिसतात, ते डिझाइन दुसऱ्यांच्या नावावर आहे. त्यांनी दावा ठोकलाय. वाचनाच्या ॲपमधून ते काढून टाका. चाचणीसाठी घरी नेलेल्या टॅबमधूनसुद्धा. एकही प्रत उरता कामा नये.”

“मग वाचकांनी काय, फुंकर मारायची?” शेजारचा प्रोग्रामर पुटपुटला. सगळे हसले.

ॲपमधलं ते उलटणारं पान शर्वाणीने बाबांसाठी केलं होतं. शेवटच्या आजारपणात त्यांना पुस्तक पेलवेना, म्हणून तिने चाचणीचा टॅब हातात दिला, तर म्हणाले, “अगं, पान असं सरकत नाही, उलटतं.” आणि बोटाला थुंकी लावून ते काचेवर कोपरा शोधत राहिले. त्या बोटाकडे बघत बघत तिने तो कोपरा घडवला होता.

संध्याकाळी ती घरी आली. बाबा गेल्यापासून आई त्यांच्याच टॅबवर त्यांचं अर्धवट राहिलेलं पुस्तक वाचत असे. शर्वाणीने तिला सगळं सांगितलं.

“ने बाई, तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे,” आई म्हणाली. “एवढं एक पान उलटू दे फक्त.”

आईने कोपरा उचलला. बोट काचेवर असेपर्यंत पान तसंच अर्धं उभं राहतं. शर्वाणी समोर बसून राहिली. आईने बोट काढलंच नाही.